ज्ञानकोशकार केतकर आणि आपण

आपल्या निवासी शाळेत दर शनिवारी सामान्य ज्ञानाची तासिका होते. इतिहास, विज्ञान, खेळ, चित्रपट, साहित्य असे सारे विषय त्या एका तासात येऊन जातात. दादासाहेब फाळके, सर सी. व्ही. रामन, हॉकीपटू ध्यानचंद यांच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास विचारला जातो. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक कोण? मुले एका सुरात श्रीधर व्यंकटेश केतकर असे उत्तर देतात, पुढचा प्रश्न येतो आणि केतकर मागे पडतात. हा प्रश्न वर्षानुवर्षे आम्हीच विचारत आलो. त्या एका ओळीपलीकडचे केतकर मुलांना सांगायचे राहून गेले, याची रुखरुख मनात होती. स्मरणिकेच्या निमित्ताने ते ऋण थोडेफार फेडावे, असे योजिले आहे.

काही वाचकांच्या मनात शंका येईल की, बौद्ध समाजाने चालविलेल्या शाळेच्या स्मरणिकेत फुले, शाहू, गाडगेबाबा सोडून केतकर कशासाठी? शंका रास्त आहे. केतकर आपल्या चळवळीचे नव्हते. त्यांची अनेक मते आपल्याला मान्य होण्यासारखी नाहीत आणि ती मान्य करा असे सांगण्यासाठी हा लेख नाही. परंतु केतकरांची शाळा अमरावतीत झाली, म्हणजे ते या मातीला परके नाहीत. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बाबासाहेबांनी तरुण वयात जे मोजके भारतीय अभ्यासक गांभीर्याने वाचले, तपासले आणि खोडले, त्यांत केतकर होते. ज्याला बाबासाहेबांनी वाचले, त्याला आपण केवळ पाठांतरासाठी ठेवावे, हे बरे नव्हे.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. रायपूर त्या वेळी मध्य प्रांतात होते. माध्यमिक शिक्षण अमरावतीला झाले. ते वऱ्हाड आजच्यासारखे नव्हते. निजामाकडून इंग्रजांकडे कारभारासाठी आलेला हा मुलूख कापसावर उभा होता. अकोला, खामगाव, अमरावती येथील बाजारांत कापसाचे ढीग पडत आणि रेल्वेने मुंबईकडे जात. कापसाच्या पैशाबरोबर वकिली आली, शाळा आल्या, वर्तमानपत्रे आली आणि शिकलेल्या वर्गाचे राजकारणही आले. त्या वातावरणात हा मुलगा वाढला. मात्र त्याच गावांत, त्याच वर्षांत, आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला गावकी आली होती. ज्यांना शाळेच्या दारापर्यंत जाता आले, त्यांना बहुधा ओसरीपर्यंतच जाता आले. शतक उलटण्याच्या सुमारास केतकरांची शाळा संपत होती, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी या मुलाचे नाव दाखल झाले. आज तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. या दोन मुलांमध्ये वयाचे अंतर सात वर्षांचे होते. सामाजिक अंतर मोजण्याचे माप कोणत्याही पुस्तकात नाही.

मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात काही काळ शिकून केतकर १९०६ मध्ये अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्क राज्यातील इथाका या लहानशा गावी असलेल्या कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी संशोधनासाठी जो विषय निवडला, तो आमच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसाचा निर्णय होता. परदेशी गेलेला ब्राह्मण तरुण वेदान्तावर बोलून सहज टाळ्या मिळवू शकला असता. केतकरांनी जात हा विषय घेतला. ‘भारतातील जातींचा इतिहास’ या अर्थाचे शीर्षक असलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा पहिला भाग १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा मुख्य आधार मनुस्मृती हा होता. मनूचे नियम समोर ठेवून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील समाज कसा असेल, हे त्यांनी तपासून पाहिले. मनुस्मृती ही देवाची वाणी नसून विशिष्ट काळातील विशिष्ट लोकांनी रचलेला दस्तऐवज आहे आणि इतर दस्तऐवजांप्रमाणे त्याचीही उलटतपासणी करता येते, ही भूमिका त्यातच आली. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा केतकर पंचवीस वर्षांचे होते. १९११ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

पुढची गोष्ट न्यूयॉर्क शहरात घडली. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याने भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. त्यांचेही वय पंचवीसच होते. जातीच्या व्याख्या करणारे सेनार, नेसफील्ड, रिस्ले हे मोठे युरोपीय पंडित त्यांनी एकेक करून तपासले आणि अखेरीस ते केतकरांपाशी थांबले. इतरांनी जात ही सुटी वस्तू मानून तिचे वर्णन केले. केतकरांनी मात्र तिला जातींच्या संपूर्ण व्यवस्थेतील एक घटक मानले. या गोष्टीचे श्रेय बाबासाहेबांनी त्यांना मोकळ्या मनाने दिले. केतकर स्वतः या समाजातले असूनही चिकित्सक बुद्धीने आणि खुल्या मनाने विषयाकडे पाहतात, असेही त्यांनी नमूद केले.

कौतुक करून बाबासाहेब थांबले नाहीत. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती. जातीत जन्मलेल्यांनाच जातीचे सदस्यत्व मिळते, हे एक. आणि जातीबाहेर लग्न करण्यास कडक बंदी असते, हे दुसरे. बाबासाहेबांनी दाखविले की ही दोन लक्षणे वेगळी नाहीत. जातीबाहेरच्या लग्नाला बंदी घातली की जातीत जन्मलेल्याखेरीज दुसरा कोणी आत येणेच शक्य नाही. म्हणजे मूळ एकच, ते म्हणजे स्वजातीविवाह. हे मूळ हाती लागल्यावर त्यांनी पुढचा विचार केला. लग्न जातीतच व्हायचे असेल, तर नवरा मेल्यावर उरलेल्या बाईचे काय करायचे आणि बायको मेल्यावर उरलेल्या पुरुषाचे काय, हा प्रश्न उभा राहतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्या प्रश्नाची क्रूर उत्तरे होती. जात आणि स्त्रीदास्य यांची गाठ त्यांनी अशा रीतीने उलगडली. केतकरांची व्याख्या ही त्या युक्तिवादाची पायरी झाली. एका अभ्यासकाने दुसऱ्याला यापेक्षा मोठा मान देता येत नाही, असे आम्हांला वाटते. पुढील वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला.

येथे आमच्या एका चुकीची कबुली द्यावी लागेल. हिंदू लोक जगात इतरत्र जाऊन राहिले तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होईल, अशा आशयाचे एक विधान जयंतीच्या सभांत बाबासाहेबांचे म्हणून नेहमी सांगितले जाते. काही वर्षांपूर्वी अकोल्याकडील एका कार्यक्रमात आम्हीही ते तसेच सांगितले. कार्यक्रम आटोपल्यावर आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी, जो त्या वेळी स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होता, जवळ आला आणि त्याने अदबीने विचारले की, सर, हे वाक्य बाबासाहेबांचे आहे की केतकरांचे? महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाच्या पहिल्या खंडाची प्रत त्याच्या पिशवीतच होती. त्याने पान उघडून दाखविले. वाक्य अवतरणचिन्हांत होते आणि तळटिपेत केतकरांच्या ग्रंथाचे नाव व पृष्ठांक होता. बाबासाहेबांनी उसनवारी लपविली नव्हती. तळटीप वाचण्याचे कष्ट आम्ही घेतले नव्हते. इतिहास विषयात एम.ए. केलेल्या शिक्षकाला ही गोष्ट लागायची तेवढी लागली. त्या मुलाचा अभिमानही तितकाच वाटला.

केतकर अमेरिकेहून लंडनला गेले. तेथे वर्षभर राहून त्यांनी हिंदू धर्माच्या घडणीवर आणि भवितव्यावर दुसरा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. १९१२ मध्ये ते भारतात परतले. कलकत्ता विद्यापीठात काही काळ अध्यापन केले, परंतु नोकरीत त्यांचे मन रमले नाही. मराठी माणसाला जगाचे ज्ञान त्याच्या भाषेत मिळाले पाहिजे, हे वेड त्यांनी घेतले होते.

हे काम किती मोठे होते, याची कल्पना येण्यासाठी त्या काळाकडे पाहावे. इंग्रजीत एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची अकरावी आवृत्ती १९१०–११ मध्ये निघाली, तीत सूचीसह २९ खंड होते आणि तिच्यामागे केंब्रिज विद्यापीठाचे नाव होते. बंगालीत नगेंद्रनाथ बसू यांचा विश्वकोश १८८६ ते १९११ अशी पंचवीस वर्षे चालून २२ खंडांत पूर्ण झाला होता. मराठीत मात्र अनेक विषयांना शब्दच नव्हते. रसायनशास्त्रातील एखादी प्रक्रिया मराठीत लिहायची तर आधी तिचे नाव घडवावे लागे. केतकरांजवळ ना विद्यापीठ होते, ना गाठीला पैसा. १९१६ च्या सुमारास, म्हणजे कोलंबियात तो निबंध वाचला जात असताना, त्यांनी नागपुरात ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी उभारली. मुख्य भिस्त भागधारकांवर आणि आगाऊ वर्गणीदारांवर होती. हा डॉक्टर पदवीधारक गावोगाव फिरून, वकिलांच्या, डॉक्टरांच्या, सावकारांच्या बैठकीत बसून, अद्याप न लिहिलेल्या पुस्तकाचे ग्राहक गोळा करू लागला. पुढे काम पुण्याला हलविले, तेथे स्वतःचा छापखाना घातला. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखे सहकारी त्या कार्यालयात तयार झाले. या दोघांनीच पुढे महाराष्ट्र शब्दकोश सिद्ध केला.

१९२० नंतरच्या दशकात ज्ञानकोशाचे एकूण २३ खंड बाहेर पडले. त्यांतील सहाव्या खंडापासून पुढचे बहुतेक खंड अकारविल्हे नोंदींचे आहेत. पहिले पाच खंड मात्र प्रस्तावनेचे आहेत, आणि त्यांची नावे प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावीत अशी आहेत. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. वर्गणी भरून बसलेल्या ग्राहकाला अ पासूनच्या नोंदी हव्या असणार. पाच जाडजूड प्रस्तावना पाहून तो कावला असेल तर त्याला दोष देता येत नाही. व्यवहाराच्या दृष्टीने ही योजना अडचणीचीच होती. पण केतकरांना सुटी माहिती देऊन भागवायचे नव्हते. आधी जगाचा नकाशा मनात उभा राहावा, मग त्यात एकेक नोंद बसावी, अशी त्यांची रचना होती. आज सामान्य ज्ञानाच्या नावाने आम्ही शिक्षक जी सुटी प्रश्नोत्तरे मुलांच्या ओंजळीत टाकतो, ती पाहिली असती तर केतकर हसले असते. किंवा रागावले असते. स्वभावाने ते फटकळ होते, असे म्हणतात.

तिसऱ्या आणि चौथ्या खंडांच्या नावांपाशी आम्ही नेहमी थबकतो. साऱ्या जगाच्या इतिहासाचे दोन भाग पाडायचे, तर दुभाजक म्हणून केतकरांनी तथागतांना घेतले. ज्या काळात हे खंड छापले गेले, त्या काळात महाराष्ट्रात बौद्ध समाज म्हणून दखल घ्यावी असा समाज नव्हता. नागपूरची दीक्षा तीन दशकांहून अधिक दूर होती. कोणाला खूश करण्यासाठी ती नावे दिलेली नाहीत. भारताच्या प्राचीन इतिहासात कालगणनेसाठी पाय रोवायला जी पहिली भक्कम जागा मिळते ती बुद्धाच्या काळाची, हे इतिहासकाराचे कारण त्यामागे असावे. पण कारण काहीही असो, मराठी घरातल्या फळीवर बुद्धपूर्व जग आणि बुद्धोत्तर जग अशी दोन पुस्तके शेजारी शेजारी उभी राहिली, हे घडले.

आता दुसरी बाजू. या ज्ञानकोशातील जातींविषयीच्या नोंदी आम्ही वाचल्या आहेत. त्यांची सामग्री बहुतांशी जनगणनेचे अहवाल, गॅझेटिअर आणि इंग्रज अधिकाऱ्यांची पुस्तके यांतून घेतलेली आहे. अमुक जातीची लोकसंख्या इतकी, पोटजाती इतक्या, देव अमुक, लग्नाची रीत तमुक. महारांविषयी, मांगांविषयी, चांभारांविषयी माहिती मिळते. त्यांना काय वाटते याचा पत्ता लागत नाही. ज्ञानाचे दार मराठीत उघडले, ही मोठी गोष्ट झाली. त्या दारातून आत आलेल्यांमध्ये आपला माणूस लेखक म्हणून नव्हता, नोंदीचा विषय म्हणून होता.

आणि याच काळात केतकरांच्या शाळकरी वयातील अमरावती तापली होती. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्यासारखे लोक तिच्या बाजूने होते. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी स्वीकारले. परिषद चालू असतानाच त्यांना थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता मिळाली. पुढच्याच महिन्यात, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. केतकरांनी अठरा वर्षांपूर्वी जो ग्रंथ इथाकाच्या टेबलावर ठेवून तपासला, तोच ग्रंथ महाडला जाळण्यात आला. ग्रंथ तपासल्यावर त्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न केतकरांना पडला नाही असे नाही. पण तो त्यांच्या पाठीवर वळ उठवीत नव्हता. जाती हळूहळू विरघळतील, हिंदू समाज व्यापक होईल, असा त्यांचा होरा होता. ज्याला पाण्याच्या तळ्यावर मार खावा लागतो, त्याला हळूहळू हा शब्द परवडत नाही.

तरीही केतकरांवर दांभिकपणाचा आरोप करता येणार नाही, आणि याचे कारण त्यांचा विवाह. लंडनमध्ये त्यांची ओळख एडिथ कोहन या जर्मन ज्यू कुटुंबातील युवतीशी झाली. मध्ये महायुद्ध गेले. १९२० मध्ये दोघांचा विवाह झाला. विवाहापूर्वी व्रात्यस्तोम नावाचा प्राचीन विधी करून एडिथ यांना हिंदू करून घेण्यात आले आणि त्या शीलवती केतकर झाल्या. पुण्यातील सनातनी मंडळींना हे पटण्यासारखे नव्हतेच. जातीबाहेर लग्नाला बंदी हे जातीचे लक्षण, असे ज्याने पुस्तकात लिहिले, त्याने आपल्या घरात ते लक्षण मोडले. बाबासाहेबांनी जातिभेद हाच हिंदू धर्माच्या प्रसारातील अडथळा असल्याचे १९३६ मध्ये दाखविले: नव्याने आलेल्या माणसाला बसवायचे कोणत्या जातीत? व्रात्यस्तोमाने हा प्रश्न एका घरापुरता सुटला. समाजापुरता सुटला नाही.

हाच विषय केतकरांच्या कादंबऱ्यांतूनही डोकावतो. ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘परागंदा’, ‘आशावादी’, ‘ब्राह्मणकन्या’ अशा त्यांच्या कादंबऱ्या आहेत. शैली रुक्ष, मध्येच चर्चेची लांबलचक पाने. रसिकांनी नाके मुरडली. पण १९३० च्या ‘ब्राह्मणकन्या’मध्ये आईच्या कुळामुळे समाजाने दूर ठेवलेल्या कालिंदीची जी कथा आहे, तिच्यात जातीच्या बाहेर फेकलेल्या माणसाने जायचे कुठे हा प्रश्न त्या काळच्या गोड गोड कादंबऱ्यांपेक्षा कितीतरी धीटपणे मांडला आहे. १९३१ मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

मान मिळाला, पैसा मिळाला नाही. ज्ञानकोश पूर्ण होता होता केतकर कफल्लक झाले होते. पुढच्या योजना डोक्यात होत्या, प्राचीन महाराष्ट्राचा इतिहास लिहून झाला होता, पण घरखर्चाची ओढाताण संपली नाही. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. ज्ञानकोश आज संगणकावरही उपलब्ध आहे; यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने ते काम केले. आपल्या शाळेच्या संगणक कक्षात बसून कोणीही विद्यार्थी चौथा खंड वाचू शकतो, आणि त्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही.

केतकरांच्या मागे शीलवतीबाई उरल्या. त्यांनी आपल्या संसाराची हकीकत ‘मीच हे सांगितले पाहिजे’ या पुस्तकात मराठीत लिहिली. परंतु त्यांचे आणखी एक काम आपल्या वाचकांना ठाऊक नसते. प्राग येथील विद्वान विंटरनित्झ यांनी भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मन भाषेत लिहिला होता. त्याचे इंग्रजी भाषांतर कलकत्ता विद्यापीठाने काढले. त्याचा दुसरा खंड १९३३ मध्ये निघाला. तो बौद्ध आणि जैन वाङ्मयाचा आहे. त्रिपिटक, जातककथा, थेरीगाथा, मिलिंदप्रश्न यांचा परिचय इंग्रजी वाचकांना करून देणाऱ्या त्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर भाषांतर करणाऱ्या दोन स्त्रियांची नावे आहेत. त्यांतले पहिले नाव श्रीमती एस. केतकर.